‘तू’चं इंग्रजी

१० मार्च २००५, गुरुवार. समोरचं काम: एका बाईच्या उसाशांची वर्गवारी.

बाई फ्रेंच होती, पन्नाशीची होती, विधवा होती. तिच्या दिवंगत नवऱ्याच्या इस्टेटीचे कागद घेऊन दर आठवड्याला एक वकील तिच्याकडे यायचा, आणि कागदांवर सह्या झाल्या की दोघं जे काही करायचे त्यावरून फ्रान्समध्ये रण माजलं होतं. ज्या कादंबरीवरून हा चित्रपट काढला होता तिचा निषेध लोकांनी ती न वाचता केला होता. चित्रपटाचा निषेध मात्र पाहून केला. काहींनी खात्री करून घ्यायला दोनदा पाहून.

मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. माझं काम सबटायटल्सचं. थिएटरसाठी फक्त संवाद पुरतात, पण डीव्हीडीवर ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहावे लागतात: दार वाजलं, कुत्रा भुंकला, लांबून गाडी आली. या चित्रपटात कुत्रा नव्हता, गाडी नव्हती. होते ते उसासे. माझी बॉस फ्रॅन म्हणायची, “बहिऱ्या माणसानेही पूर्ण पैसे मोजलेत. त्याला सगळीकडे एकच उसासा देऊ नकोस.” म्हणून मी बसून लिहीत होते: हलका उसासा, दीर्घ उसासा, अर्ध्यावर थांबलेला उसासा, श्वास रोखल्याचा आवाज.

कानाला हेडफोन लावले की माझं डोकं दुखतं, त्यामुळे घरी काम करताना मी स्पीकर चालू ठेवायची. स्क्रीनचं तोंड भिंतीकडे. पलीकडे स्वयंपाकघरात सासूबाई मेथी निवडत होत्या. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. चित्रपट एका विधवेचा आणि तिच्या वकिलाचा आहे, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं होतं.

“अगं वासंती, त्या बाईला दमा आहे का?”

“हो आई. जुनाट आहे.”

“मग दर वेळी वकील कसला बोलावते? डॉक्टर बोलव म्हणावं.”

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या खरंच विचारताहेत की माझी फिरकी घेताहेत, हे मला बावीस वर्षांच्या संसारात कधीच ओळखता आलं नाही.

फ्रेंचशी माझा संबंध आला तो प्रेमापोटी नव्हे, मार्कांपोटी. आमच्या वेळी पुण्यात संस्कृतपेक्षा फ्रेंच स्कोअरिंग समजायचे. शेजारच्या मुलीने घेतलं म्हणून मी घेतलं. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं की फ्रेंचमध्ये जवळच्या माणसाला ‘त्यू’ म्हणतात आणि मानाच्या माणसाला ‘वू’. आम्ही वहीत लिहिलं: त्यू म्हणजे आपलं तू, वू म्हणजे तुम्ही. पाच मिनिटांत धडा संपला. शेजारच्या वर्गातली इंग्रजी माध्यमाची मुलं त्यावर महिनाभर घोटाळत होती.

पुढे लग्न झालं, श्रीकांतला न्यू जर्सीत रिसर्चमध्ये नोकरी लागली, आणि आम्ही वेस्ट विंडसरला आलो. डिपेंडंट व्हिसावर बायकोला नोकरी करता येत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी इतरांच्या मुलांच्या वाढदिवसांचे केक केले, आणि ते आल्यावर पहिल्या महिन्यात केकचे साचे वाटून टाकून नोकरी शोधली. फ्रॅनची कंपनी लहान होती. तिला फ्रेंच येणारी, वेळेवर काम देणारी आणि तक्रार न करणारी बाई हवी होती. पहिल्या दोन गोष्टी मी दिल्या.

या कामाबद्दल लोकांची कल्पना अशी की पात्र बोलतं आणि आपण ते इंग्रजीत लिहितो. तसं नाही. माणूस बोलतो भराभर आणि वाचतो सावकाश. पडद्यावर फार तर दोन ओळी मावतात, तीही छोट्या. त्यामुळे निम्मं बोलणं फेकून द्यावं लागतं, आणि कुठलं निम्मं हे ठरवण्याचेच पैसे आम्हाला मिळतात. सबटायटल उत्तम झालं तर प्रेक्षकाला वाटतं आपल्यालाच फ्रेंच यायला लागलं. म्हणजे काम जेवढं चांगलं, तेवढे तुम्ही नाहीसे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका व्यायामाच्या टेपवाल्या बाईंना मोजणीचीसुद्धा सबटायटल्स हवी होती: एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. मासेमारीवरच्या एका माहितीपटात हैदराबादचे एक प्राध्यापक स्वच्छ इंग्रजीत बोलत होते आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेच्या दक्षिणेतला एक कोळी. कोळ्याच्या इंग्रजीचं अवाक्षर मला कळत नव्हतं. दिग्दर्शकाने सबटायटल्स मागितली ती प्राध्यापकांना. मी फोन करून म्हटलं, “ते इंग्रजीतच बोलताहेत.” तो म्हणाला, “हो, पण बघणाऱ्याला वाटेल की नसतील.” मी लिहून दिली. प्राध्यापकांचं व्याकरण इतकं चोख होतं की मला एक स्वल्पविरामही हलवावा लागला नाही.

अशी चार वर्षं गेली, आणि कुठेही माझं नाव आलं नाही. व्यायामाच्या टेपवर कुणाला हवंय म्हणा. पण हा फ्रेंच चित्रपट थिएटरमध्ये लागणार होता, आणि थिएटरच्या चित्रपटात अगदी शेवटी, सगळे गाडीच्या किल्ल्या शोधत असतात तेव्हा, एक ओळ येते: इंग्रजी सबटायटल्स, अमुक अमुक. फ्रॅन म्हणाली होती, “डिस्ट्रिब्यूटरने तुझं काम जसंच्या तसं घेतलं तर ती ओळ तुझी. बदलायला दुसरा माणूस आणला तर त्याची.” मला ती ओळ हवी होती. उगाच नम्रपणा करत नाही. फार हवी होती.

श्रीकांतलाही हवी होती, चित्रपट कसला आहे हे कळेपर्यंत. फेब्रुवारीत इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्याने पुरणपोळीच्या रांगेत जाहीर केलं की वासंतीचं नाव थिएटरमध्ये झळकणार. लोकांनी अभिनंदन केलं, घरी जाऊन इंटरनेटवर चित्रपटाचं नाव घातलं, आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

“वहिनी, तुम्ही जे... म्हणजे जो प्रोजेक्ट करताय, त्याबद्दल स्मरणिकेत चार ओळी टाकल्या होत्या आपण. पण काही मेंबर्सचं म्हणणं पडलं...”

“काय पडलं?”

“की विषय जरा... फॅमिली ऑडियन्सचा नाही.”

“अहो, विषय वारसाहक्काचा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर फ्रान्समध्ये घर कुणाच्या वाट्याला येतं. मी महिनाभर तेच शोधतेय.”

हे शंभर टक्के खरं होतं. ज्या प्रसंगांवरून रण माजलं होतं त्यांत कुणी बोलतच नाही, त्यामुळे तिथे भाषांतरकाराला सुट्टी. घाम निघतो तो मुखत्यारपत्रात. या चित्रपटाने माझ्या ज्ञानात काही भर घातली असेल तर ती मालमत्तेवरच्या फ्रेंच करांची.

अध्यक्षांचा आवाज एकदम मोकळा झाला. “अच्छा! असं आहे होय? मग तसंच छापू.” आणि खरोखर छापलं: ‘वारसाहक्कविषयक फ्रेंच चित्रपटासाठी आपल्या वासंतीताईंचे योगदान.’ त्यानंतर तीन जणांनी मला त्यांच्या नागपूरच्या प्लॉटबद्दल सल्ला विचारला.

तर त्या गुरुवारी मी उसाशांवर बसले असताना फ्रॅनचा फोन आला. लाइनवर डिस्ट्रिब्यूटरचा माणूसही होता. त्याचं नाव डग. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण फोनवरच्या चौथ्या वाक्यात मी त्याची ‘वासू’ झाले होते.

“वासू, शेवट चालत नाहीये.”

“काय झालं?”

“आम्ही ऑफिसात सगळ्यांना दाखवला. पूर्ण वेळ दोघांचं इतकं छान चाललंय. शेवटी ती दारात उभी आहे, तो कोट घालतोय, आणि विचारतो, थंडी वाजतेय का. तर ही त्याच्या तोंडावर दार लावते! बाईला झालं काय? माणूस काळजीने विचारतोय.”

“तो पहिल्यांदाच तिला ‘त्यू’ म्हणतो, डग.”

“म्हणजे?”

मी समजावलं. पूर्ण चित्रपटभर, कुठल्याही अवस्थेत असले तरी, दोघं एकमेकांना ‘वू’च म्हणतात. ‘आपल्याला थंडी वाजते आहे का, मादाम?’ असं तो दर भेटीत विचारतो. तिच्या मेलेल्या नवऱ्याने तिला आयुष्यभर ‘त्यू’ म्हटलं आणि ती त्याला ‘वू’ म्हणत राहिली. या वकिलाबरोबर तिला पहिल्यांदा बरोबरीचं कुणी मिळालं होतं. शेवटच्या दिवशी कोटाची बटणं लावता लावता तो अगदी सहज ‘त्यू’ म्हणतो, नवरा म्हणायचा त्याच सुरात. म्हणून दार.

मग डग म्हणाला, “पण दोन्हीचं इंग्रजी ‘यू’च ना?”

“हो.”

“मग बेबी घाल ना. ‘थंडी वाजतेय का, बेबी?’”

फ्रॅन दिवसभर गाजर खायची. गाजर मोडल्याचा आवाज आला. “नावाने हाक मारली तर? आधी मादाम, आता एलेन?”

“तू डगला विचार, त्याच्या डेंटिस्टचं नाव काय,” मी म्हटलं.

“बॉब,” डग म्हणाला. “का?”

अडचण तीच होती. ज्या देशात दात उपटणाऱ्यालाही पहिल्या भेटीत बॉब म्हणतात तिथे नावाने हाक मारून कुणाचा अपमान कसा करणार? इंग्रजीला एके काळी स्वतःचा ‘तू’ होता, पण तो त्यांनी मोडीत काढला आणि फक्त देवासाठी राखून ठेवला. फ्रॅनने तोही जुना शब्द घालून पाहिला. ते वाक्य चर्चमधल्यासारखं झालं आणि आम्ही दोघी हसलो. डग हसला नाही.

“हे बघा, उद्या दुपारपर्यंत ओळ द्या. नाहीतर तो सीन आम्ही कापतो, चित्रपट बेडरूममध्ये संपतो, आणि बाकीचंही एकदा आमच्या रायटरकडून पॉलिश करून घेतो. नो हार्ड फीलिंग्स, वासू.”

म्हणजे ओळ गेली तर शेवट जाणार, आणि शेवटासोबत माझं नाव.

मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावला. वेगळा शब्द, वेगळा क्रम, नुसतं मौन. काहीच बसेना. सासूबाई हात पुसत दारात आल्या.

“अगं, इतके दिवस हा माणूस वू-वू करत होता. आज अरे-तुरेवर आला की काय मेला?”

मी टेप थांबवली. “तुम्हाला कळलं?”

“न कळायला काय झालं? तू म्हणाला ना तो. स्पष्ट.” आणि त्या कुकर लावायला गेल्या.

फ्रेंचचा गंध नसलेल्या बाईला मेथी निवडताना जे ऐकू आलं, ते अख्ख्या अमेरिकेला दोन ओळींत कसं सांगायचं, हा प्रश्न तसाच राहिला. सासूबाई काही डगच्या थिएटरमध्ये येणार नव्हत्या.

संध्याकाळी श्रीकांत आला. इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. एरवी आमच्यात दोन्हीकडून ‘अरे’, ‘अगं’ आणि ‘तू’. पण सासूबाई आल्या की सहा महिने मी त्याला ‘अहो’ म्हणायची. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मीच सुरू केलं, पहिल्या भेटीत, आणि मग थांबवायचं कसं हे कळेना. त्या नेवार्कला विमानात बसल्या की परतीच्या वाटेवर टोल यायच्या आत मी पुन्हा ‘अरे’वर. श्रीकांतला हे सहा महिने फार मानवायचे. चहाचा कप तो त्या काळात सिंकपर्यंतही नेत नसे.

त्याने माझं तोंड पाहिलं, स्क्रीन पाहिला. “अजून तेच?”

“अहो, शेवटची ओळ अडलीय. उद्या दुपारपर्यंत द्यायचीय.”

“सोडून दे.”

“सोडून काय दे?”

“तू दमलीयेस. तुला झोप नाहीये. तुला हा जॉब एंजॉयच होत नाहीये. आणि खरं सांगू? तुलाच आतून नकोय ते नाव तिथे.”

मी दमले नव्हते. झोप उत्तम झाली होती. काम मला आवडत होतं, आणि नाव मला हवं होतं. चारही गोष्टी त्याने मला न विचारता सांगितल्या, बूट काढता काढता, मायेनेच.

“अरे श्रीकांत, गप बस जरा,” मी म्हटलं. “काय म्हणालास ते पुन्हा म्हण.”

“काय?”

“पहिलं वाक्य.”

“तू दमलीयेस...?”

“प्रश्न नको. आधी जसं म्हणालास तसं.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “हे पिक्चरमधलं चाललंय का घरातलं?”

“घरातलं, आई!” आम्ही दोघंही ओरडलो.

मला ओळ मिळाली होती. इंग्रजीत ‘तू’ नसेना का. दुसऱ्याला काय होतंय ते त्याला न विचारता सांगून टाकणं इंग्रजीतही आहे. चित्रपटभर वकील विचारतो: ‘आर यू कोल्ड, मादाम?’ शेवटी तो विचारत नाही. मी मादाम काढली, प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं: ‘यू आर कोल्ड.’ पूर्णविराम. ती बाई आता काय वाटतंय हे स्वतः सांगण्याच्या लायकीची उरली नाही. दार.

शुक्रवारी सकाळी मी फाइल पाठवली. दुपारी डगचा फोन आला, इतका खुशीत की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला.

“वासू, ब्रिलियंट! आता कळलं सगळ्यांना!”

“खरंच?”

“अर्थात! तो तिला थंड म्हणतो! एवढं सगळं झाल्यावर, त्या बेडरूममधल्या त्या सगळ्या प्रकारानंतर, माणूस कोट घालतो आणि तोंडावर सांगतो, तू थंड बाई आहेस! मीसुद्धा दार आपटलं असतं!”

इंग्रजीत त्या वाक्याचा तोही अर्थ होतो. मी आदल्या संध्याकाळपासून त्या तीन शब्दांकडे बघत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. प्रश्नचिन्हाच्या विजयात मग्न होते. फोनवर फ्रॅनच्या गाजराचा आवाजही थांबला होता. ती वाट पाहत होती, मी काय बोलते त्याची.

मी म्हटलं, “आवडलं ना? छान.”

शेवट वाचला. पुढे तो चित्रपट पाहिलेल्या किती जणांनी ते दार बरोबर वाचलं आणि किती जणांनी डगसारखं, मला माहीत नाही. एका थिएटरमध्ये मी स्वतः मागे बसून पाहिला तेव्हा त्या ओळीला लोक मोठ्याने हसले. फक्त पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा आणला नसेल अशीही शक्यता आहे. ती ओळ आजही मला बोचते, आणि तिच्याहून चांगली मला आजही सुचलेली नाही.

डगने फोन ठेवल्यावर फ्रॅन म्हणाली, “नाव कसं घालायचं? काँट्रॅक्टवर आहे तसं?”

काँट्रॅक्टवर माझं पूर्ण नाव होतं, पासपोर्टवर असतं तसं: वासंती श्रीकांत सोमण. अमेरिकन माणसाला वाटतं मधलं नाव म्हणजे आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं दुसरं नाव. फ्रॅनला ‘श्रीकांत’ फार गोड वाटायचं. तिच्या मते ते एखाद्या फुलाचं असावं.

रात्री जेवताना मी हे सहज सांगितलं. श्रीकांतचा घास हातातच राहिला.

“एक मिनिट. माझं नाव? त्या फिल्मवर?”

“तुझं नाही. माझं. मधलं.”

“अगं पण ते माझं आहे!”

“तुझं आहे तर लग्नात मला दिलंस कशाला?”

“तसं नाही... माझ्या लॅबमधले लोक जातात फॉरेन फिल्म्स बघायला. मोठ्या अक्षरांत श्रीकांत सोमण...”

“मोठी नसतात. आणि तीन सेकंद असतात.”

“आई, तू सांग हिला.”

सासूबाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली. “मी काय सांगू? मला तर वाटलं पिक्चर दम्याचा आहे.”

मग तो माझ्याकडे वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “वासंती, प्लीज. माझं नाव काढ ना तुझ्यातून.”

नवऱ्याची विनंती. बावीस वर्षांत पहिलीच, आणि प्रश्नचिन्हासकट म्हणायला हरकत नाही. मी लगेच फ्रॅनला ई-मेल पाठवला: फक्त वासंती सोमण.

आमचे दोघांचे सिटिझनशिपचे अर्ज त्याच महिन्यात जायचे होते. त्या अर्जात एक प्रश्न असतो: नागरिक होताना तुम्हाला नाव बदलायचं आहे का? तेवढाच एक बदल सरकार त्यात फुकट करून देतं. शनिवारी सकाळी आंघोळ झाल्यावर मी माझा अर्ज काढला, त्या प्रश्नापुढे ‘हो’वर खूण केली, नव्या नावाच्या जागी तेच दोन शब्द लिहिले, पाकीट चिकटवलं आणि गाडी काढून पोस्टात टाकून आले.

परत आले तेव्हा श्रीकांत आईंबरोबर पेपर वाचत बसला होता. “सकाळी सकाळी कुठे गेली होतीस?”

“तुझंच काम करून आले,” म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवलं.